दोन तासांचं काँक्रीट

पुण्याजवळ हिंजवडीच्या माण रस्त्यावर आज किती ट्रॅफिक आहे, हे मला मोबाइलच्या नकाशाआधी चलनावरून कळतं. काँक्रीटची गाडी गेटवर आली की ड्रायव्हर खिडकीतून कागद पुढे करतो. प्लँटमध्ये माल कधी भरला, गाडी कधी निघाली, किती घनमीटर, कुठला ग्रेड, सगळं त्यावर छापलेलं असतं. मी त्याखाली गेटवर पोचल्याची वेळ लिहिते. या दोन वेळांमधलं अंतर म्हणजे त्या दिवशीचं हिंजवडी.

मी बांधकामावर क्वालिटी बघते. साइटवरचे सगळे ‘क्यूसी मॅडम’ म्हणतात. माझं काम तसं भांडकुदळ आहे. बिलिंगवाल्यांना पुढे जायचं असतं, प्लॅनिंगवाल्यांना कालच पुढे जायचं होतं, आणि मी मध्ये उभी राहून ‘थांबा’ म्हणते. लोकांना वाटतं टॉवर म्हणजे सळई, सिमेंट आणि क्रेन. मला विचाराल तर टॉवर म्हणजे वेळेचं गणित, आणि ते गणित आता आमच्या हातात राहिलेलं नाही.

सिमेंटला पाणी लागलं की काँक्रीटचं घड्याळ सुरू होतं. तयार काँक्रीटचं आपलं मानक सांगतं की माल भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी झाली पाहिजे. माल उशिरा आवळावा म्हणून रिटार्डर घातलं असेल किंवा माल थंड करून पाठवला असेल, तर जास्त वेळ चालतो. आमचा प्लँट साइटपासून दहा किलोमीटरच्या आत आहे. रविवारी सकाळी गाडी अर्ध्या तासात येते. पण आयटीवाल्यांना ऑफिसात हजर राहावंच लागतं असे जे मधले वार असतात, त्या दिवशी तीच गाडी दीड-पावणेदोन तास घेते. उरलेल्या पंधरा-तीस मिनिटांत सहा घनमीटर माल पंपात ओतून अठ्ठाविसाव्या मजल्यावर चढवायचा, पसरायचा, दाबायचा. त्यात पंपासमोर आणखी दोन गाड्या उभ्या असतील तर विषयच संपला.

मग रिटार्डर वाढतं. नोकरीच्या सुरुवातीला मी बाणेरला होते. पार्किंग आणि वर अकरा मजले, त्या काळी ती उंच बिल्डिंग. तिथे डोस ठरायचा हवामानावर: उन्हाळ्यात थोडा जास्त, थंडीत कमी. आता डोस ठरतो वारावर. प्लँटच्या केमिस्टचा मला सकाळी फोन येतो. “मॅडम, आज गहुंज्याला मॅच आहे, थोडा वाढवतो.” “मॅडम, विसर्जनाच्या मिरवणुका आहेत, काय करू?” पालखीच्या दिवशी आम्ही स्लॅब ठेवतच नाही. माझ्या वहीत मिक्स डिझाइनच्या पानांवर ग्रेडच्या शेजारी ‘सकाळ’, ‘रात्र’, ‘सोमवार’ असे शेरे आहेत. कॉलेजात काँक्रीट टेक्नॉलॉजी शिकवणाऱ्या आमच्या सरांना हे दाखवलं तर ते पाच मिनिटं हसतील आणि मग गप्प बसतील.

रिटार्डर फुकट मिळत नाही, आणि मी पैशाबद्दल बोलत नाहीये. डोस जास्त झाला की माल दुसऱ्या दिवशी सकाळीही कच्चा राहतो. आमचं काम ॲल्युमिनियमच्या साच्यांचं, सगळे त्याला मायवन म्हणतात. यात वीट नसते. भिंती, स्लॅब, जिना, सगळं एकाच वेळी ओतलं जातं. रात्री भरलेल्या भिंतींची पॅनेलं दुसऱ्या दिवशी उघडायची, स्लॅबमध्ये ठेवलेल्या खाचांमधून हातोहात वरच्या मजल्यावर द्यायची आणि पुढची बांधणी सुरू करायची, असा हा रहाट आहे. माल कच्चा असताना पॅनेल ओढलं तर भिंतीचा पापुद्राच त्याला चिकटून येतो. म्हणून थांबावं लागतं. चाळीस माणसांची गँग बिड्या ओढत बसते, मुकादम माझ्याकडे बघत बसतो, आणि प्लॅनिंगच्या तक्त्यावर आठ दिवसांचा मजला दहा दिवसांचा होतो. ते दोन दिवस कुठे गेले हे तक्त्यावर लिहायला रकाना नाही. गाड्या जिथे अडकतात तो ‘भूमकर चौक’ मी एकदा लिहिला होता. प्रोजेक्ट मॅनेजरांनी ते खोडायला लावलं.

एका मजल्याला आमचा दोनशेच्या वर घनमीटर माल लागतो. म्हणजे पस्तीस-चाळीस गाड्या, एकामागून एक. मध्ये खंड पडला की आधीचा माल आवळतो आणि नंतरचा त्याच्याशी एकजीव होत नाही. त्याला कोल्ड जॉइंट म्हणतात. तीन वर्षांनी एखाद्या घरात पावसाळ्यात भिंतीवर ओलसर रेघ उमटते, घरमालक रंगाऱ्याला शिव्या देतो, आणि मूळ कारण त्या रात्री पुलाखाली अडकलेली गाडी असते.

आता तुम्ही म्हणाल, मग दिवसा गर्दी असेल तर रात्री ओता. तेच करतो. सकाळी आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळी जड वाहनांना या भागात बंदी असते, त्यामुळे गाड्या सुटतात त्या रात्री उशिराच. पण ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात की रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायची नाहीत. हा नियमही बरोबर आहे. दोन्ही नियम बरोबर आहेत. दोन्ही पाळले तर चाळीस गाड्यांचा स्लॅब कुठल्या तासांत भरायचा, हे कुणी मला बसून समजावून सांगावं. दुपारी बारा ते चार उरतात. एप्रिलमध्ये त्या वेळी ॲल्युमिनियमच्या पॅनेलला हात लावून बघा.

तक्रार करणारे शेजारी कोण, तर आमचेच ग्राहक. पहिल्या टप्प्यातल्या दोन टॉवरमध्ये लोक राहायला आले आहेत. त्यांच्या खिडकीसमोर तिसरा टॉवर चढतो आहे. रात्री बारा वाजता काँक्रीट पंपाची धडधड, वर व्हायब्रेटरची घरघर, गाडी मागे घेताना वाजणारी ती पिपाणी. एक काका मला थेट फोन करतात, माझा नंबर त्यांना कुणी दिला माहीत नाही. कधीही आवाज चढवत नाहीत. “बेटा, आज किती वाजेपर्यंत?” एवढंच. मी कधीकधी खोटं सांगते. दोन वाजतील म्हणते आणि साडेतीन होतात.

गेटवरचं भांडण वेगळंच. गाडी उशिरा आली की माल घट्ट झालेला असतो. आमच्याकडे पाट्यावर शंकू ठेवून माल सोडतात आणि तो धिरड्यासारखा किती पसरतो ते फुटपट्टीने मोजतात. मायवनच्या बारीक भिंतीत सळयांच्या जाळीतून उतरायला तो साधारण साडेपाचशे ते साडेसहाशे मिलिमीटर पसरला पाहिजे. पाचशेच्या खाली आला की ड्रायव्हर हळूच विचारतो, “मॅडम, थोडा पानी मारू?” गाडीच्या मागे पाण्याची टाकी असतेच, नळ फिरवला की काम झालं. माल लोण्यासारखा सुटतो, पंपवाला खूश, वरची गँग खूश. आणि त्या सहा घनमीटरची ताकद गेली. पाणी मारायचं नाही, ठरलेल्या मर्यादेत केमिकल मारायचं, ड्रम फिरवायचा, परत पसरून बघायचं. तरीही नाही बसलं तर गाडी परत.

परत पाठवलेली गाडी कुठे रिकामी होते, हा या धंद्यात न विचारायचा प्रश्न आहे. सांगतात की प्लँटवर नेऊन त्याचे ब्लॉक पाडतात. काही पाडतातही. पण रात्री दोन वाजता परत पाठवलेला माल सकाळी एखाद्या गल्लीतल्या छोट्या बांधकामाच्या पायात गेला नसेल, असं मी शपथेवर सांगणार नाही. त्या ठेकेदाराकडे ‘क्यूसी मॅडम’ नसते.

ड्रायव्हरांवर मी ओरडते, पण रात्री तीन वाजता त्यांच्याकडे बघून राग टिकत नाही. सलग फेऱ्या, खाली प्लँटवाला ‘लवकर निघ’ म्हणतो, वर साइटवाला ‘लवकर ये’ म्हणतो, मध्ये रस्ता हलत नाही. २०२५च्या जानेवारीत हिंजवडीत वळणावर असाच एक काँक्रीट मिक्सर दुचाकीवर उलटला आणि दोन तरुण मुली गेल्या. माल भरलेल्या मिक्सरचा तोल वर असतो, आणि आतला माल फिरत असतो. वळणावर वेग ठेवला की तो एका बाजूला जातो. हे मला पुस्तकात शिकवलं होतं. त्या दिवशी संध्याकाळी आमच्या गेटवर आलेल्या पहिल्या चलनावर मला वेळ लिहवेना. मग लिहिली. दीड तास.

या रस्त्याची गोष्ट सरळ आहे. हिंजवडी आणि माण ही गावं आहेत, म्हणजे अजूनही ग्रामपंचायत आहे. एमआयडीसीने आयटी पार्क वसवलं त्याला पाव शतक होऊन गेलं. २०१५ साली पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, आलं. २०२१च्या जूनमध्ये पुणे महापालिकेत २३ गावं आली, त्यात पलीकडचं म्हाळुंगे आणि सूस आत गेलं. हिंजवडी-माण बाहेरच राहिलं. तेव्हा एका बाजूला महापालिका, दुसऱ्या बाजूला पिंपरी-चिंचवड, मध्ये एमआयडीसी, पीएमआरडीए आणि ग्रामपंचायत. रस्त्याच्या कुठल्या खड्ड्यासाठी कुणाकडे जायचं हे ओळखायला सातबारा घेऊन फिरावं लागतं. त्यात माण ते शिवाजीनगर या मेट्रोचे खांब याच रस्त्यात उभे राहिले. मेट्रो हवीच आहे, माझ्याइतकी कुणाला नसेल. पण ती येईपर्यंतची वर्षंही आम्हीच काढली, अर्ध्या रस्त्यावर पत्रे ठोकून.

आणि याच काळात इमारती उंच झाल्या. २०२०च्या डिसेंबरात राज्यासाठी एकत्रित विकास नियमावली आली. प्रीमियम भरून मिळणारा एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येईल तो आकडा), टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क), शिवाय बाल्कनी-जिने-पॅसेज वगैरेंसाठी निवासी इमारतींना ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र. किती एफएसआय मिळणार हे मुख्यतः पुढच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. रस्ता रुंद, तर इमारत उंच. कल्पना वाईट नाही. फक्त रुंदी मोजतात ती नकाशावरची. आमच्या प्लॉटपुढचा रस्ता विकास आराखड्यात भरपूर रुंद आहे, आणि प्रत्यक्षात आमच्या कंपाउंडपुढे तेवढाच रुंद आहे, कारण तेवढी जागा आम्ही सोडली. पुढे शेजारच्या शेतात तो संपतो. तिथे ज्वारी आहे. शेतकऱ्याशी मोबदल्याचं जुळेना, आणि त्याचं चुकतंय असं मला वाटत नाही, त्याच्या भावाने दिलेल्या जमिनीचं काय झालं ते त्याने पाहिलंय. पण त्या ज्वारीला वळसा घालून आमच्या चाळीस गाड्या जुन्या पाणंदीतून येतात. एकेकाळी बैलगाडीला बैलगाडी आडवी आली तर एकीला बांधावर चढावं लागे, तो रस्ता.

हे सगळं नियमात बसतं, मी कागद पाहिले आहेत. परवानगीपासून इमारत उभी राहीपर्यंत काँक्रीटचा घन, मातीची तपासणी, आगीचा बंब फिरायला जागा, सगळं तपासतात. त्या इमारतीत सकाळी साडेआठला एकदम बाहेर पडणाऱ्या आठशे गाड्या कुठून जाणार, हे तपासायला कुणी घन पाडत नाही.

घनाबद्दल थोडं सांगते, कारण माझ्या कामातला तोच सगळ्यात निवांत भाग. दीडशे मिलिमीटरचा लोखंडी साचा, त्यात माल भरायचा, दुसऱ्या दिवशी सोडवून पाण्याच्या टाकीत ठेवायचा. सातव्या दिवशी काही फोडायचे, अठ्ठाविसाव्या दिवशी उरलेले. एम ४० ग्रेडच्या काँक्रीटचा घन असेल तर त्याने नव्वद टनांच्या आसपास भार घेऊन मगच फुटायचं. मशीनचा काटा चढत जातो, लॅबमधला पोरगा मोबाइल बाजूला ठेवतो, आणि मग एक कोरडा आवाज येतो. चांगला फुटलेला घन चारी बाजूंनी सोलून निघतो आणि दोन सुळके उरतात. वाकडा फुटला तर माल नाही, साचा किंवा मशीन तपासायचं. अठ्ठावीस दिवसांनी घन नापास झाला तर काय, असं लोक विचारतात. तोवर आम्ही त्याच्या वर तीन मजले चढलेलो असतो. मग हातोड्याची चाचणी, ध्वनिलहरींची चाचणी, शेवटी भिंतीतून गाभा कापून काढायचा. त्या दिवसांत मला जेवण जात नाही.

माझं आजोळ औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी बालवाडीत होते आणि आम्ही लातुरात होतो. गणपतींचं विसर्जन आदल्या दिवशीच झालं होतं, लोक दमून झोपले होते. त्या भागातली घरं माळवदाची. दोन-अडीच फूट जाड दगडमातीच्या भिंती, वर लाकडं, त्यावर मातीचा थर, आणि दरवर्षी गळू नये म्हणून त्यावर आणखी माती. उन्हाळ्यात गार, पण डोक्यावर किती टन आहे याचा हिशेब कुणी केला नव्हता. हजारो माणसं त्या मातीखाली गेली. तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ ला नकाशा सुधारला आणि तो झोन तीनमध्ये आला. त्या नकाशात पुणेही त्याच झोनमध्ये.

म्हणून मी रिंगांवर अडून बसते. कॉलमच्या उभ्या सळयांना ज्या आडव्या रिंगा बांधतात त्यांची टोकं नव्वद अंशात वाकवली तर बांधायला सोपं जातं, फिटरचा वेळ वाचतो. पण भूकंपात बाहेरचं कवच उडालं की ती टोकं सुटतात, रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेरच्या बाजूला फुगतात. टोक १३५ अंशात वळवून आतल्या गाभ्यात गाडलं तर रिंग उघडत नाही. भूकंपरोधक तपशिलांचं आपलं मानक पहिल्यांदा त्याच १९९३ मध्ये आलं, आणि त्यात हे लिहिलं आहे. आमचा जुना फिटर पश्चिम बंगालमधल्या मालद्याचा आहे. तो म्हणतो, “मॅडमजी, आप तो कोना नापने का चांदा लेके घूमती हो.” खरं आहे. माझ्या हेल्मेटच्या पट्ट्यात कंपास पेटीतला चांदा अडकवलेला असतो. माझ्या भाच्याचा आहे, त्याला अजून सापडलेला नाही.

कामगारांबद्दल लिहायला बसले तर ही पोस्ट संपणार नाही. मी लागले तेव्हा गँगमध्ये लातूर-नांदेडची, गुलबर्गा-यादगीरची जोडपी असायची. बाई घमेलं उचलायची, नवरा गवंडी. वीट गेली, घमेलं गेलं, बाया गेल्या. मायवनच्या गँगमध्ये सगळी पोरं, मालदा, मुर्शिदाबाद, झारखंडची. दिवाळी-छटला निम्मी साइट रिकामी होते, ईदला उरलेली. बालेवाडीत २०१६च्या जुलैत उंचावर स्लॅबचं काम चालू असताना तो कोसळून नऊ कामगार गेले. कोंढव्यात २०१९च्या जूनमध्ये पावसाच्या रात्री सोसायटीची संरक्षक भिंत लेबर कॅम्पच्या पत्र्यांवर पडली, पंधरा गेले, त्यात लहान मुलं होती. कोंढव्याचे लोक कामावर नव्हते, झोपले होते. त्यानंतर मी साइटवर रुजू झाले की आधी लेबर कॅम्प कुठल्या भिंतीला टेकून आहे ते बघते. ते माझ्या कामाच्या यादीत नाही.

दगडाचं एक सांगायचं राहिलं. पुण्याच्या पोटात काळा पाषाण आहे. मुंबईवाले खाली जाऊन जाऊन पायलिंग करतात, आपल्याकडे थोडं मुरूम काढलं की कातळ लागतो आणि त्यावर राफ्ट, म्हणजे सलग काँक्रीटचा पाया, टाकून मोकळे. तोच कातळ वाघोली, मोशी, चांदे-नांदे इथल्या खाणींत फोडून खडी होते, तोच आणखी बारीक करून क्रश सँड, कारण नदीची वाळू आता दिसतच नाही. गंमत अशी की खाणींच्या शेजारी आता टॉवर आले आणि टॉवरमधले लोक खाणींच्या धुळीविरुद्ध तक्रार करतात. खाण लांब गेली की खडीची गाडी लांबून येणार. म्हणजे त्याच रस्त्यावर आणखी गाड्या.

नातेवाईक मला फ्लॅट घेण्याआधी फोन करतात. प्रश्न ठरलेले: मायवन चांगलं का, भिंतीला खिळा का ठोकता येत नाही, घर तापतं का. मायवन चांगलं आहे, काळजीने केलं तर. खिळा ठोकता येत नाही कारण ती भिंत नसून इमारतीची हाडं आहेत, ड्रिल वापरा. तापतं, हो, पश्चिमेची भिंत असेल तर रात्री अकरापर्यंत आत ऊब असते. आणि दोन खोल्यांमधली भिंत पाडून हॉल मोठा करायचा विचार असेल तर तो आजच सोडा, सून आली तरी आणि नातू झाला तरी.

पण एक प्रश्न कुणी विचारत नाही, आणि मला हल्ली तोच जास्त छळतो. ही इमारत म्हातारी झाली की काय करायचं? कोथरूडमध्ये, सहकारनगरात तीन-चार मजल्यांच्या जुन्या सोसायट्या धडाधड रीडेव्हलपमेंटला जातायत. बिल्डर येतो, कारण त्या जमिनीवर वापरायचा एफएसआय शिल्लक आहे. जुन्या सभासदांना फुकट मोठं घर, वरचे मजले बिल्डर विकणार. चाळीस मजल्यांच्या टॉवरवर शिल्लक काय असणार? सगळा एफएसआय, सगळा टीडीआर, सगळा प्रीमियम आम्ही आजच वापरून घेतलाय. जमिनीतला एकेका फ्लॅटचा वाटा एखाद्या सतरंजीएवढा. पन्नास वर्षांनी तिथे कोण बिल्डर येईल आणि कशासाठी?

आणि पाडणार कसं? नोएडात २०२२च्या ऑगस्टमध्ये शंभर मीटरच्या आसपासचे दोन टॉवर ३,७०० किलो स्फोटकांनी पाडले. टीव्हीवर काही सेकंदांत झालं, त्यामागे महिन्यांची तयारी होती आणि ते टॉवर रिकामे होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात आपला चांदणी चौकातला जुना पूल रात्री उडवला. धुरळा बसला, आणि पूल पुष्कळसा जागेवरच. उरलेला जेसीबीने फोडावा लागला. पुणेकरांनी त्यावर विनोद केले, मीही केले. पण मायवनच्या टॉवरमध्ये प्रत्येक भिंत सळईने भरलेली असते, आणि पन्नास वर्षांनी त्याच्या चारी बाजूंना तसेच टॉवर असतील.

तेव्हा ती इमारत टिकवणं एवढाच मार्ग आहे. टिकवायला पैसा लागतो. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठीची राखीव शिल्लक, म्हणून फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी जमवायला सांगितलं आहे. इमारत पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी. मी स्वतः रावेतला बाविसाव्या मजल्यापर्यंत गेलेल्या एका सोसायटीत राहते. गेल्या वार्षिक सभेत मेंटेनन्स कमी करायचा ठराव आला, आणि कात्री लावायला सगळ्यात सोपी जागा म्हणून सिंकिंग फंडाचं नाव निघालं. “आत्ता तर नवीन बिल्डिंग आहे,” असं आमचे खजिनदार म्हणाले, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मी उठून बाहेरच्या भिंतींच्या दुरुस्तीला झुला लावायचा खर्च किती येतो, लिफ्ट किती वर्षांत बदलावी लागते, पाव टक्का हा किमान आकडा का आहे, असं बरंच बोलले. चांगलं दहा मिनिटं. ठराव बहुमताने मंजूर झाला. इतिवृत्तात माझ्या नावावर एक ओळ आहे: ‘सौ. मॅडमनी इमारतीच्या भवितव्याबाबत चिंता व्यक्त केली.’ पुढचा विषय स्विमिंग पूलच्या वेळांचा होता, तो दीड तास चालला.